सुशीलाचं स्टेटस आणि माझी भिशी

शुद्धलेखन चुकेल, माफ करा. मी चौथी शिकलेली, आणि अक्षर असं की किराणा दुकानदार माझी यादी मलाच वाचायला लावतो. वही कोणाच्या हाती लागलीच, तर वाचा, पण फोटो काढू नका. (का, ते कळेलच.)

थेरगावात आमच्या गल्लीत दहा बायकांची भिशी आहे. महिन्याला हजार रुपये, वाटीत चिठ्ठ्या, जिचं नाव निघेल तिला दहा हजार. माझं नाव निघालं, तशी शेजारच्या सुशीलाने मला नोटांचा पंखा करून धरायला लावला आणि मोबाईल समोर धरला. गल्लीत मी बोलते ती एवढ्या एकीशीच. तिला नाही कसं म्हणायचं? मी फक्त डोळे मिटले.

तासाभरात देहूरोडहून नणंदबाईंचा, पुष्पाताईंचा फोन!

"कमल, हात मोकळा झाला का गं?"

"कुठला ओ ताई! सकाळीच सांगितलं ना, घरात शंभर रुपये नाहीत."

"मग नोटांचा पंखा कुणाला हलवायलीस?"

मी फोनच कापला. पोरीच्या फीसाठी घेतलेले त्यांचे सहा हजार वर्षभर थकले होते, आणि मी मनातल्या मनात पिको-फॉलचं मशीन घरी आणून त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं!

तशीच सुशीलाकडे गेले.

"अगं, स्टेटसला टाकलाय फोटो. 'कमलला भिशी लागली', आणि पुढे तीन फुलं."

"पण ताईंना कसा दिसला? त्यांना मी घरात शंभर रुपये नाहीत म्हटलंय!"

"माझ्या पापडाच्या ऑर्डरसाठी त्यांचा नंबर तूच दिलास की!"

जन्मात पहिल्यांदा मी ओरडले. "मला विचारायचं तरी! तोंड माझं, पैसे माझे!"

"चौपन्न जणांनी बघितलं, कुणी नावं ठेवली का?"

"चौपन्न? कोण कोण?"

तिने फोटोखालच्या डोळ्याच्या चित्रावर बोट दाबलं. सगळी नावंच आली! दूधवाला, तिची मावशी, माझ्या पोरीची बाई... आम्ही दोघींनी यादी शेवटपर्यंत वाचली. मग मला आठवलं की आपण भांडत होतो.

"आत्ताच्या आत्ता काढ तो फोटो!"

"काढते. पण मी फोटोच टाकला ना? खोटं कोण बोललं?"

मी समोरची चिठ्ठ्यांची वाटी आपटली आणि तणतणत घरी आले. (वाटीही तिचीच होती, आपटूनही ती माझ्या हातातच राहिली.)

चार दिवस अबोला. आमच्या दोघींच्या मधली भिंत पातळ. ती माझ्याबद्दल काय बोलते हे कळावं म्हणून मी स्वयंपाक सोडून भिंतीला कान लावून बसायचे. पाचव्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "चुकलंच माझं. कमलला विचारायला पाहिजे होतं."

"हो ना!" मी इकडून म्हणाले.

पलीकडून सुशीलाने भिंतीवर टकटक केलं.

"कमल? तू ऐकतेयस?"

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "विचारून ऐकायला पाहिजे होतं."

भिंतीपलीकडे दोघं नवराबायको हसत सुटली. मी वाटी घेऊन गेले, चहा पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी सुशीलाला सोबत घेऊन बसने देहूरोडला गेले. मशीन आणखी वर्षभर मनातच राहू दे म्हटलं. पुष्पाताईंनी थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या. सुशीलाने मोबाईल वर धरला आणि यावेळी विचारलं, "टाकू का?"

"टाक!" मी म्हणाले. "आणि मोठ्या अक्षरात लिही, सहाच्या सहा हजार फेडले!" डोळेही टक्क उघडे ठेवले.

भिशी लागलेली चौपन्न जणांनी पाहिली होती. उधारी फेडलेली संध्याकाळपर्यंत सात जणांनी पाहिली. त्यात एक मीच!