टेकू दिलेलं घर

"छत पडाच्या आधी सांगते, पण आपुन बोलत राह्यलो तर आयकू येत नाई."

मुखरू हे एकदा म्हणाला होता, चहाच्या टपरीवर, कुणी काही विचारलेलं नसताना. बाकीच्यांचं बोलणं ट्रकांच्या धुळीवर चाललं होतं. त्याचं वाक्य तिथं कुणाच्याच कामाचं नव्हतं. ते कपबशीत पडलं आणि तिथंच राहिलं.

घुग्घुसला जाणाऱ्या रस्त्याच्या पोटात चिचबोडी हे त्याचं गाव. गाव म्हणजे आता तीन गल्ल्या, एक मारोती आणि कोळशाची राख बसून करडी झालेली चिंचेची झाडं. मुखरूच्या बापाची जमीन खाणीत गेली, तेव्हा जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. घरात एकच मुलगा. ज्या मातीवर बाप नांगर धरत होता त्याच मातीच्या खाली मुलगा उतरला, आणि निवृत्त होईपर्यंत खालीच राहिला. बापाकडून वर त्याला फक्त घर आलं: मातीच्या जाड भिंती, सागाची मयाल ही आडवी तुळई, येनाच्या लाकडाचे वासे, कवेलूंचं कौलारू छप्पर. बापानं प्रत्येक खांब दगडावर उभा केला होता. हे दगड मुखरूनं जन्मापासून पाहिले होते. त्यांना टेकून तो जेवला होता, त्यांच्यावर त्याच्या मुलानं पेन्सिलीला टोक केलं होतं. इतकं रोजचं पाहिलेलं माणसाला दिसत नाही.

खाणीत तो टिंबरच्या गँगमध्ये होता. कोळसा काढला की वरचं छत उघडं पडतं. त्याला बल्लीचा, साध्या लाकडी खांबाचा, टेकू द्यायचा. जमिनीत खळगा करायचा, बल्लीचं बूड त्यात रोवायचं, डोक्यावर फळी, फळीत पाचर, आणि पाचरीवर हातोडा. बस. वर अख्खा डोंगर आणि खाली हे लाकूड. मुखरूचा यावर विश्वास होता. दुसरं काही विश्वास ठेवण्यासारखं त्या अंधारात नव्हतंच.

पुढं तो भाग संपला की उलटं काम. आत घातलेल्या बल्ल्या काढत काढत बाहेर यायचं. सगळ्यात आतली आधी. या कामाचे दोन नियम होते. एक, बल्ली काढताना कुणी तोंड उघडायचं नाही, कारण छत आधी कुरकुरतं आणि ते ऐकू यायला हवं. दुसरा, जिथली बल्ली निघाली तिथं परत पाय टाकायचा नाही. हत्यार राहिलं तर राहू द्यायचं, डबा राहिला तर राहू द्यायचा. ती जागा आता आपली नाही.

मग खालची खाण बंद झाली आणि उघडी खाण गावाच्या अंगावर आली. रोज दुपारी भोंगा होतो आणि सुरुंग उडतो. चिचबोडीतल्या बायका भोंगा ऐकला की फळीवरची भांडी खाली जमिनीवर ठेवतात, जमीन हलून शांत झाली की पुन्हा वर मांडतात. पोरं झोपेतसुद्धा कूस बदलतात, उठत नाहीत. गाव उठणार, दुसरीकडं बसवणार, असं किती वर्षं ऐकू येतंय. म्हणून कुणी घराला नवी वीट लावत नाही, आणि म्हणून कुणी गाव सोडतही नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मुखरूच्या मधल्या खोलीत, दाराच्या वर, केसाएवढी भेग पडली. दुसऱ्या कुणी चिखल लिंपला असता. मुखरू सायकल घेऊन गेला आणि साल न काढलेली एक बल्ली खांद्यावर घेऊन आला. घरात खळगा खणला. बूड रोवलं. फळी, पाचर, हातोडा.

बायको रंभा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "हे काय करून राह्यले?"

"टेकू देल्ला."

"कोणाले?"

"घराले."

रंभानं पदरानं कपाळ पुसलं. त्या दिवशी तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. बल्लीला खिळा ठोकून तिनं गाळणी अडकवली.

भेगा येत गेल्या. प्रत्येक भेगेला एक बल्ली. पुढच्या सपरीत, देवापाशी, माजघरात, पलंगाच्या दोन बाजूंना. काही वर्षांत घर असं झालं की सरळ चालता येईना. परातीतून पीठ नेताना रंभा खांदा तिरका करायची. रात्री उठली की हात पुढं करून चालायची, आंधळ्यासारखी. घरात आलेला पाहुणा आधी एका बल्लीला, मग दुसरीला हात लावत आत यायचा, जणू प्रत्येकीची परवानगी घेत.

कोलू, मुखरूचा गँगमधला जुना जोडीदार, अधूनमधून यायचा. त्याचं तोंड खाणीतही बंद राहत नसे. बल्ली काढायची वेळ आली की गँगचा सरदार त्याला आधीच बाहेर हाकलायचा.

"वैनी," तो दारातून ओरडायचा, "टोपी-बत्ती घेऊन आलो, येऊ का आत?"

"या ना भाऊ. हाजरी लावा आन् या," रंभा म्हणायची. "मी लगन करून घरात आली म्हून सांगतलं होतं मले. खाणीत आली हे आता समजून राह्यलं."

मुखरू हसायचा नाही. तो वर पाहायचा. जेवतानाही त्याची मान वर असायची. सुरुंगानंतर तो उठायचा, एकेका पाचरीवर हातोड्यानं हलकं ठोकायचा आणि कान द्यायचा. त्यानंतरच तो बसायचा. कुठं लग्नाला गेला तरी दुपारपर्यंत परत. मुलाकडं भद्रावतीला रात्रभरही राहिला नाही. घराला त्यानं टेकू दिला होता, आणि घरानं त्याला धरून ठेवलं होतं. दोघांपैकी कोण कुणामुळं उभं होतं, हे आता सांगता आलं नसतं.

निकेश, त्याचा मुलगा, भद्रावतीच्या कारखान्यात कामाला आहे, कॉलनीत राहतो. या उन्हाळ्यात, पावसाच्या आधीच्या एका रविवारी, तो मोटारसायकलवर श्रावण मिस्त्रीला मागं बसवून आला. कोलू आधीच सपरीत बसलेला होता.

"बाबा, आज ठरवून टाका," निकेश म्हणाला. "श्रावणभाऊ घर पाहून घेतील. दुरुस्त होत असन तर पावसाआधी करू. नाई तर त्या रोडावरच्या टायरवाल्याले देऊन टाकू. त्याले गाड्या उभ्या कराले जागा पायजेच आहे. पण दोघंही एकच गोष्ट म्हनतेत."

"काय?"

"बल्ल्या काढून द्या म्हनतेत."

मुखरूनं मान वर केली.

"भाऊ, मले हातच फिरवता येत नाई इथी," मिस्त्री म्हणाला. "भिंत दिसत नाई, पाड बांधून वर चढाले जागा नाई. आधी हे जंगल काढा, मंग पाहू."

"काढल्या आन् पडलं तं?" मुखरूनं विचारलं.

"नाई काढल्या तं मी काय करू?"

"पाहू."

"तीन वर्षं झाले तुमी 'पाहू' म्हनून राह्यले," निकेशचा आवाज चढला. "आईले रात्री बल्लीवर आपटून कपायाले खोक पडली, माहीत आहे का तुमाले? तिनं सांगतलं नसन. विका नाई तं बांधा, पण असं मधातच किती दिवस राहाचं?"

मुखरूनं बायकोकडं पाहिलं. रंभानं पदर कपाळावर पुढं ओढला. तिथं खरंच काळंनिळं होतं.

"तुह्यं काय म्हननं आहे?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं तिला पहिल्यांदा विचारला असावा.

"मले काय," ती म्हणाली. "मले घर पायजे. कोणतंही. सरळ चालता येईन असं."

कोलू म्हणाला, "माह्यं आयका, नातवंडाईले घेऊन या. लपाछपीले असं घर जिल्ह्यात नाई." कुणी हसलं नाही. तो विडी शोधायला लागला.

मिस्त्री एव्हाना माजघरात शिरला होता. सवयीनं त्यानं थापीची मूठ एका बल्लीवर वाजवली. देवापाशी असलेली ती, सगळ्यात जुन्यांपैकी. आवाज आला तो लाकडाचा नव्हता. रिकाम्या पिठाच्या डब्यावर बोट मारावं तसा.

मुखरूनं तो सपरीतून ऐकला. आयुष्यभर तो एकाच गोष्टीसाठी कान देऊन बसला होता, वरून येणाऱ्या आवाजासाठी. हा आवाज खालून आला होता.

तो आत गेला. मिस्त्रीनं थापीच्या टोकानं साल उचकटली. साल कागदासारखी सुटली. आत लाकूड नव्हतं, माती होती, आणि मातीत पांढरं काहीतरी वळवळत होतं.

"उधई," मिस्त्री म्हणाला.

वाळवी बल्लीच्या बुडातून, त्या खळग्यातून, आत शिरली होती. आतल्या आत वर चढली होती. फळी पोकळ. फळीच्या वरचा येनाचा वासा मिस्त्रीनं थापीनं टोचला, तर थापी मुठीपर्यंत आत गेली आणि मातीची धार त्याच्या दंडावर सांडली. त्यानं दुसरी बल्ली पाहिली, तिसरी पाहिली. प्रत्येक बल्लीच्या डोक्यावरचा वासा गेलेला होता. मधले, जिथं टेकू नव्हता, ते वासे टणक होते.

मिस्त्री खाली बसला आणि बापानं उभ्या केलेल्या खांबाच्या बुडाशी हात फिरवला. दगड कोरडा होता. खांब शाबूत होता.

"दगड नाई ठेवला काऊन खाली?" त्यानं विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, फक्त आश्चर्य होतं.

खाणीत कुणी बल्लीखाली दगड ठेवत नाही. तिथं खाली सगळा दगडच असतो. हे मुखरूनं सांगितलं नाही.

"म्हंजे उधईले शिडी लावून देल्ली आपन," दारातून कोलू म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं की हा विनोद नव्हता. त्यानं विडी न पेटवताच खिशात ठेवली.

"आता दुरुस्ती म्हंजे सगळं छप्पर उतरवा लागन," मिस्त्री हळूच निकेशला म्हणाला. "नवंच घर झालं ते. आन् इथी नवं घर कोन बांधते, सांगा."

मुखरू देवापाशी उभा होता. तिथून चहूकडं बल्ल्याच दिसत होत्या, त्याच्या हातच्या, एकीमागं एक. त्यांच्यामधून कुठंही नजर सरळ बाहेर जात नव्हती. मग त्यानं कोपऱ्यातला हातोडा घेतला. खुंटीवरचा दोर घेतला. ओठांवर बोट ठेवलं आणि हातानं सगळ्यांना दाराकडं खूण केली.

निकेशला ती खूण समजली नाही. "बाबा, काय करून राह्य..."

कोलूनं त्याचं मनगट धरलं. "चूप," तो म्हणाला. "चाल बाहेर." त्याच्या तोंडून इतका लहान शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. त्यानं मिस्त्रीला ओढलं, रंभाला हात धरून अंगणात नेलं. रंभानं जाताना देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले. दुसरं काही घेतलं नाही.

आतून हातोड्याचे ठोके ऐकू येऊ लागले. आधी सगळ्यात मागच्या खोलीतून. पाचर निघण्याचा आवाज, मग थांबणं. त्या थांबण्यात तो कान देत असणार. मग दोर ताणल्याचा, मग लाकूड पडल्याचा आवाज. तो हलका होता, बल्ल्यांच्या आकाराला न शोभणारा. पुन्हा ठोका. पुन्हा थांबणं. अंगणातले चौघं चिंचेखाली उभे होते आणि चौघांचेही श्वास त्या थांबण्यांना बांधलेले होते. घर कुरकुरेल, कुठून तरी कवेलू घसरेल, याची ते वाट पाहत होते. काहीच आलं नाही. आवाज मागच्या खोलीतून माजघरात आला, माजघरातून मधल्या खोलीत. एखादी बल्ली तर त्यानं ठोकायच्या आधीच आडवी झाली. तिच्या डोक्यावर वजन नव्हतंच.

भोंगा झाला. रंभाचे हात सवयीनं भांड्यांकडं जायला निघाले आणि पदरातल्या देवांवर आवळले गेले. निकेश पुढं धावला. कोलूनं त्याला अडवलं.

सुरुंग उडाला. जमीन पायाखालून एकदा गेली आणि परत आली. छपरावरून राखेचा पडदा खाली उतरला. मागच्या बाजूला थोडी कवेलू घसरून फुटली. धूळ बसली. घर उभं होतं, बल्ल्यांशिवाय, कलतं, जसं ते कदाचित इतकी वर्षं उभंच राहिलं असतं.

बऱ्याच वेळानं पुन्हा ठोका ऐकू आला. आता सपरीत. शेवटची बल्ली दाराजवळची होती, रंभा जिला कपडे वाळवायची दोरी बांधायची ती. मुखरूनं पाचर काढली, दोर ताणला, बल्ली पडली. तो उंबऱ्यावर उभा राहिला. तो मातीनं भरलेला होता, भुवयांपर्यंत. दारातून आता घराच्या मागच्या भिंतीपर्यंत सरळ दिसत होतं. तिथं, मागच्या खोलीत, सकाळपासून काढून ठेवलेल्या त्याच्या चपला होत्या.

"बाबा," निकेश म्हणाला, "काय ठरवलं मंग?"

मुखरूनं हातोडा उंबऱ्याच्या आत ठेवला. हळू, आवाज न करता. मग तो पायरी उतरला.

"अवो, चपला?" रंभा म्हणाली. ती आणायला निघालीच होती. कोलूनं मान हलवली आणि तो तिच्या वाटेत आडवा उभा राहिला. त्याला नियम माहीत होता.

चौघांच्या मधून मुखरू गेला. मान वर नव्हती. तापलेल्या मातीवर अनवाणी पाय टाकत त्यानं फाटक लोटलं, आणि तो बाहेर पडला.