कुणाचं पाणी थांबू द्यायचं न्हाई

कारखान्याच्या भिंतीवरची एक ओळ मी रंग मारून पुसायला लावली, ती माझी चूक. ती ओळ लिहिणारा माझा मित्र आणि भागीदार मारुती गेल्या महिन्यात वडूजमध्ये वारला. त्याच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कुपवाडच्या कारखान्यात होतो, आणि समोर, त्या ओळीच्या जागी मीच लावलेली काचेची पाटी होती...

आम्ही सांगलीत डिप्लोमाला एका बाकावर होतो. मी कुंडलचा, उसातला. आमच्याकडे पाणी पाटानं यायचं. मारुतीचं घर दुष्काळी खटाव तालुक्यातलं, वडूजचं, मेंढरं सोडून नुकतंच शेतीला लागलेलं. तिथं पंप बिघडला की आठवड्यात पीक करपायचं. शेतीपंपांचा कारखाना काढला आणि शेड उभी राहिली त्याच दिवशी त्यानं ब्रश घेऊन निळ्या रंगात लिहिलं : 'कुणाचं पाणी थांबू द्यायचं न्हाई.'

"अरे, निदान 'नाही' तरी लिही," मी म्हणालो.

"पंप बंद पडल्यावर माणूस काय व्याकरणात बोंबलतो व्हय रं?"

पुढच्या वर्षाचं ठरवायला बसलो की मी नवी मशिनं, नव्या ऑर्डरी मांडायचो. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि भिंतीकडे बोट करायचा. "ह्यात ते कुठं बसतंय?" बसत नसेल तर पुन्हा पहिल्यापासून चर्चा. एक देखणं मॉडेल आम्ही त्यापायी सोडलं, कारण त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळाले नसते. मला तेव्हा राग यायचा.

मग एका मोठ्या कंपनीची माणसं ऑर्डर देण्याआधी कारखान्याच्या पाहणीला येणार असं ठरलं. मी सल्लागार नेमला. त्यानं हॉटेलात दिवसभर बैठक घेतली आणि प्रत्येकाला कंपनीचं ध्येयवाक्य लिहायला सांगितलं. मारुतीनं तीच ओळ लिहिली. "हे प्लंबरच्या दुकानावर शोभेल," सल्लागार म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो... मोठ्यानं. मारुतीनं आपला कागद घडी करून खिशात घातला.

त्याच आठवड्यात भिंतीला पांढरा रंग लागला आणि वर इंग्रजी पाटी आली : जागतिक दर्जा, नावीन्य, ग्राहकांचं समाधान. कुठल्याही कारखान्यात टांगावी अशी. पुढच्या बैठकीत मी गावोगाव दुरुस्तीला जाणारी गाडी बंद करायचं मांडलं. मारुतीनं सवयीनं भिंतीकडे बोट केलं, पाटी बघितली, हात खाली घेतला. "आता कशाला विचारायचं, गड्या..." एवढंच म्हणाला. थोड्याच दिवसांत तो वडूजला परतला आणि त्यानं पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. कंपनी वाढली, हे खोटं नाही. पण बैठकीत मला अडवणारं कुणी राहिलं नाही. मी त्याला कधी फोन केला नाही. आधी गुर्मीत, नंतर लाजेनं.

दहावं झाल्यावर वडूजला गेलो. दुकानाच्या बंद शटरवर तीच ओळ होती, 'न्हाई'सकट. "वहिनी, माझं चुकलं," मी मारुतीच्या बायकोला म्हणालो.

"मला सांगून काय हुणार, भावजी? त्यांनी लय वाट बघितली तुमची."

रविवारी कारखाना बंद असतो. एकटाच गेलो, पाटी उतरवली आणि निळ्या रंगाचा डबा उघडला. अक्षरं वाकडी आली. शेवटच्या शब्दापाशी हात थांबला. मग तो त्याच्यासारखाच लिहिला. ब्रश हातात तसाच होता, रंग मनगटावर ओघळत होता. रिकाम्या शेडमध्ये भिंतीकडे बघून म्हणालो, "चुकलं रं, मारुती. माफ कर मला..."