बावळट नवऱ्याचे हात

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला सगळी इमारत जावईबापू म्हणते. स्वतःच्या घरात, सख्ख्या आईजवळ राहणारा जावई. हे नाव मीच ठेवलं असतं, पण तळमजल्यावरच्या शिंप्याने माझ्या आधी नंबर लावला. हा माणूस पूर्वी पुस्तकं बांधायचा. छापखान्याला टाळं लागलं आणि हा घरी बसला, बायको कमावती. शिंपी म्हणायचा, "जावई निदान चार दिवसांनी परत जातो. हा बारा महिने मुक्कामाला." सगळे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

बायकोचे हात टीव्हीवर दिसतात. फक्त हात. भांड्यांच्या साबणाच्या जाहिरातीत फेसातून लखलखीत ताट वर काढणारे जे लांबसडक हात, ते हिचे. बाळाला पावडर लावणारे, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर घासणारे, तेही हिचेच. चेहरा दुसऱ्याच कुठल्या तरी गोऱ्यागोमट्या बाईचा. आम्ही हिला हातवाली म्हणतो. समोरासमोर म्हणत नाही, कारण तोंड तिला आहे. ते टीव्हीवर दिसत नाही, एवढंच.

तर हे हात घरी पाण्याचा पेलासुद्धा जपून उचलतात. नखाला चरा गेला की काम गेलं. भांडी, कपडे, चिरणं, तळणं, फरशी, सगळं जावईबापू करतो. मला ठाऊक आहे, कारण त्यांची आणि माझी स्वयंपाकघराची खिडकी मधल्या बोळावर समोरासमोर उघडते, आणि देवाने मला डोळे काही मिटून घ्यायला दिलेले नाहीत. त्याचं काम बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कांदा चिरेल तर सगळे तुकडे एका मापाचे. ओटा पुसेल तर कोपऱ्यापासून. माझ्या नवऱ्याला एकदा मुद्दाम खिडकीशी उभं करून दाखवलं, तर म्हणाला, "खिडकी लाव, वारा येतोय."

चारचौघींना मी हे सांगितलं नाही असं नाही. सांगितलं, आणि वेड्यात मीच निघाले. वरच्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "काहीतरीच काय काकू. टीव्हीवर बघतो की आम्ही तिला भांडी घासताना."

यावर काय बोलणार, कप्पाळ?

त्यात त्याची आई. म्हातारी गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. आत मुलगा कढई घासतोय, त्याची खरखर जिन्यापर्यंत ऐकू येतेय, आणि ही दारात उभी राहून सांगतेय, "सून पहाटे उठते हो माझी. सगळं हातासरशी उरकते आणि मग कामाला जाते." सुनेवर माया म्हणून नव्हे. दोघी एकमेकींकडे बघून चहासुद्धा पीत नाहीत. पण मुलगा भांडी घासतो हे जगाला कळण्यापेक्षा सुनेचं कौतुक परवडलं.

जावईबापू एकदा मला म्हणाला, "वहिनी, मला कोणी डोक्यावर घेऊन नाचायला नको. एकदा कोणीतरी चारचौघांत म्हणावं की हे घर हा चालवतो. बास."

"मी म्हणतेच की, भाऊजी."

"तुमच्यावर कोण विश्वास ठेवतंय?"

खवचट मेला.

मग एका वाहिनीला हुक्की आली की जाहिरातीतल्या हातांमागची खरी गृहिणी तिच्या घरी जाऊन दाखवायची. साबणवाल्यांनी हातवालीला बजावलं, हे नीट झालं तर पुढचा करार, नाहीतर रांगेत कोवळ्या पोरी उभ्या आहेत. जावईबापूला मात्र वाटलं, कॅमेरा घरात येणार म्हणजे खरं तेच दिसणार. त्याने डबे उतरवून पुसले, शेगडीची भोकं सुईने कोरली, आणि इस्त्रीचा सदरा घालून तयार राहिला.

शूटिंगच्या दिवशी मी साखर मागायला गेले आणि परत यायचं विसरले. दिग्दर्शिका तरुण होती, बारीक कापलेल्या केसांची, पँटला दहा खिसे. मला वाटलं, ही तरी काही वेगळं काढेल.

"मॅडम, तुम्ही ओट्याशी," ती म्हणाली. "आजी, तुम्ही इथून समाधानाने बघा. सर, तुम्ही सोफ्यावर."

"ओट्याशी मी असतो," जावईबापू म्हणाला.

"म्हणजे मदत करता? गोड."

"मदत नाही. करतो."

हातवाली ओट्यापाशी उभी राहून दातांतल्या दातांत त्याला विचारत होती, "सुरी कुठल्या खणात असते?" चारचौघांत ती त्याला अहो म्हणते, पण त्या दिवशी घाईत "सांग ना रे" निघून गेलं. म्हातारी समाधानाने बघत होती, म्हणजे डोळे वटारून.

दिग्दर्शिकेला एकदम सुचलं. "सर, आपण असं करू. आज नवऱ्याने बायकोला सुट्टी दिलीय. तुम्ही अंडं फोडता, दूध तापवता."

त्याने एका हाताने अंडं फोडलं. टरफलाचा कण पडला नाही.

"एवढं छान नको," ती म्हणाली. "जरा सांडा. दूध उतू जाऊ द्या. मग मॅडम हसत येतात आणि सावरतात."

"माझं दूध उतू जात नाही."

"एकदा जाऊ द्या हो. लोकांना तेच पटतं."

"कर ना," हातवाली म्हणाली. "काय बिघडतंय?"

"शेगडी मी पुसतो म्हणून विचारतेयस," तो म्हणाला, गॅस बंद केला आणि बाहेर निघून गेला. दिग्दर्शिका अजिबात चिडली नाही. "होऊन जाईल," म्हणाली. तिचं ते शांत राहणं मला तेव्हाच खटकलं होतं.

रविवारी सकाळी कार्यक्रम लागला. माझा टीव्ही मोठा, म्हणून अर्धी इमारत माझ्या हॉलमध्ये. जावईबापूही आला. आधी हातवालीचे हात दिसले, गाजर असं काही कापत होते की कोणाचीही दृष्ट लागावी. मग सोफ्यावर जावईबापूचा चेहरा, आणि लगेच ओट्यावर दोन जाडजूड केसाळ हात. अंडं फचकन चिरडलं, टरफल सगळीकडे, दूध भसाभसा उतू, आणि वर ते वेडगळ संगीत. हॉल खदखदून हसला.

"हे हात माझे नाहीत," जावईबापू म्हणाला. त्याने आपले हात पुढे केले. बारीक बोटं, मनगटाशी चटक्याचा डाग.

"कॅमेऱ्यात जाड दिसतात, जावईबापू," शिंपी म्हणाला.

हातवाली मान खाली घालून बसली होती. दुपारी बोळातून मला सगळं ऐकू आलं. कान काही बंद करता येत नाहीत.

"कोणाचे होते ते हात?"

"आहे एक आमच्यातला. बावळट नवऱ्याच्या हातांचं काम नेहमी त्याच्याकडेच असतं. चांगला माणूस आहे रे. घरी स्वयंपाक उत्तम करतो म्हणे."

"खाली जा आणि सांग सगळ्यांना."

"आणि करार? मी बोलले तर उद्या माझ्या जागी दुसरी असेल."

"मग आजपासून मी जावई. जावई उठत नसतो."

आणि तो खरंच उठला नाही. सोफ्यावर आडवा. मोरीत भांडी साचली, कपड्यांची बादली आंबली. हातवालीने हातमोजे घालून एक ताट विसळलं, ते निसटून फुटलं. पाणी तापत ठेवलं, ते आटून पातेलं करपलं. जेवायला बिस्किटं. दुसऱ्या दिवशीही बिस्किटंच. मी वाटीभर भात घेऊन गेले, तर म्हातारीने दार तोंडावर लावलं. माझ्याकडून कसला घेतेय.

मंगळवारी दुपारी म्हातारीचा बांध फुटला. दार सताड उघडून ती सोफ्याकडे बघत ओरडली. आवाज तळमजल्यापर्यंत.

"ऊठ रे मेल्या. आईला बिस्किटांवर ठेवतोस? रोज कोण रांधतं? तूच ना? भांडी कोण घासतं, तूच ना? मग आत्ताच काय हात मोडले?"

हातवाली धावत आली. "आई, हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू दे. तुला साधं पाणी उकळता येत नाही, तुझ्या हातांचं काय लोणचं घालू?"

दारं उघडली. नर्स कठड्यावरून वाकली. मी तर केव्हाची बाहेरच होते. शिंपी गळ्यात टेप घेऊन अर्ध्या जिन्यात आला. "म्हणजे स्वयंपाक हा करतो?"

म्हातारी त्याच्यावर उलटली. "मग काय तू येऊन करतोस?"

शिंपी गळ्यातली टेप गुंडाळायला लागला. जावईबापू सोफ्यावर उठून बसला.

"आई, गच्चीपर्यंत गेलं नसेल."

तिने पुन्हा सगळं म्हटलं. पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत, आणि यावेळी त्यात फरशी आणि कपडे धुणंही जोडलं. मग तो उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय करू?"

"काहीही कर," म्हातारी भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाली. "मीठ तेवढं बेताने घाल. मिठाला हात सैलच तुझा, पहिल्यापासून."