ट्रोम्सोच्या पुढचे पावणेदोन तास

शनिवार, १४ जून. जर्मनीतलं ब्योब्लिंगन, आमचं स्वयंपाकघर. हजर: सासूबाई, नवरा आणि मी. फोनवर: मुलगी, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरून.

मुलगी हॅनोव्हरला पीएच.डी. करते. हिमनद्या मोजायला ती सप्टेंबरपर्यंत तिकडे आहे. हे काम अचानक ठरल्यापेक्षा आधी सुरू झालं आणि पुण्याहून आजी पोहोचायच्या आधीच नात निघून गेली. सासूबाईंचं परतीचं विमान जुलैच्या सुरुवातीला. त्यांचं वय एक्क्याऐंशी. ‘पुढच्या वेळी भेटेल’ असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

म्हणून आपणच तिकडे जायचं, असं मी ठरवलं. स्टुटगार्टहून ऑस्लो, तिथून उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो, आणि ट्रोम्सोला मुक्काम, कारण त्यांच्या गुडघ्यांना एका दिवसात तीन विमानं झेपत नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रोम्सो ते लाँगइअरबिएन, म्हणजे मुलगी राहते ते स्वालबार्डचं गाव: सुमारे साडेनऊशे किलोमीटर, पावणेदोन तास. व्हीलचेअर, औषधांची जर्मन यादी, गुडघ्यांचे पट्टे, सगळं झालं होतं. ऑफिसातून आल्यावर महिनाभर मी दुसरं काही केलं नव्हतं.

“म्हणजे पुणे-दिल्लीपेक्षा कमीच की,” सासूबाई म्हणाल्या. “मी उगीच धास्तावले होते.”

“आई, तिथे आता रात्रच होत नाही,” नवरा म्हणाला.

“मग ही झोपते कधी?”

“पडदे आहेत ना, आजी. एकदम जाड.”

“पडद्यांनी काय होतंय? मी आले की झोपवते.” असं म्हणत त्या भाजणीची पिशवी बांधायला आपल्या खोलीत गेल्या.

त्या गेल्यावर मुलगी म्हणाली, “आल्झो, म्हणजे, मम्मा, आजीचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना? स्वालबार्ड शेंगेनमध्ये, त्या एका व्हिसावर चालणाऱ्या देशांत, येत नाही. ट्रोम्सोलाच बाहेर पडल्याचा शिक्का मारतात.”

आम्हा तिघांचे पासपोर्ट जर्मन. व्हिसा म्हणजे काय, हे या घरात सगळे विसरले होते. मी सासूबाईंचा पासपोर्ट काढला. प्रवेश एकदाच. ते पावणेदोन तास पार केले की त्यांना परत ट्रोम्सोलाही उतरता येणार नाही, मग स्टुटगार्ट तर लांबच.

“तुझ्या एक्सेलमध्ये हा कॉलम नव्हता?” नवऱ्याने विचारलं.

“नव्हता. तुम्ही बघायचं होतं. आई तुमच्या आहेत.”

यापुढे भांडायचं त्राण दोघांतही नव्हतं. नवा व्हिसा मिळण्याइतके दिवस हातात नव्हते.

“मीच ट्रोम्सोला येते,” मुलगी म्हणाली. “पण एकच दिवस मिळेल. तोही मिळाला तर. बॉसला विचारून सोमवारी सांगते.”

तिने फोन ठेवला. अंतर तेवढंच, फक्त उलट्या बाजूने. माझं सगळं नियोजन आता तिच्या बॉसच्या हातात.

सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. “तिच्या खोलीत थालीपीठ लावीन म्हणते. तवा आहे ना गं तिच्याकडे?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

“आहे,” मी म्हणाले.

त्यांनी समाधानाने पिशवी बॅगेत तळाशी ठेवली आणि वर शाल दाबून बसवली. त्यानंतर मी ट्रोम्सोच्या पुढचं विमान रद्द केलं, ट्रोम्सोच्या हॉटेलात एक रात्र वाढवली. सासूबाईंना सांगायचं अजून राहिलं आहे.