भिंतीवरची खडी फोडणारी बाई

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते लोहाऱ्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचे. दहावीपर्यंत मी त्यांच्या चित्रकलेच्या खोलीतच राहायला होतो. कॉलेजात नाव घालायला तेच माझ्याबरोबर एसटीनं आले आणि दुपारपर्यंत रांगेत उभे राहिले. आमच्या घरात पदवी मिळालेला मी पहिला, आणि ती त्यांच्यामुळं. म्हणूनच त्यांच्या चित्राचं माझ्यामुळं जे झालं, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

मी बी. ए. होऊन घरी आलो, त्या वर्षी माकणीजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेची नवी खोली झाली. चेअरमननी सरांना भिंतीवर चित्र काढायला बोलावलं. सर्वांना वाटलं, गाय काढतील. सरांनी गेरू, कोळसा आणि नीळ घेऊन बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडणारी बाई काढली. मागं उघडा माळ, पुढ्यात दगडांचा ढीग, वर उचललेला हातोडा.

दूध घालायला आलेले लोक चित्रापुढं थांबायचे.

"मास्तर, ढीग लई बारका काढलाय," एक म्हातारा म्हणाला. "एवढ्यावर मुकादम हाजरी लावंल व्हय?"

"आन् त्या साली एवढी अंगानं भरलेली बाई कुठली?" दुसरा म्हणाला. "आमची तर निस्ती हाडं वाजत व्हती."

सर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ढीग थोडा वाढवला.

माझ्या आईनं त्या दुष्काळात खडी फोडली होती. कामावर खायला मिळालेली सुकडी ती पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. आता ती किटली घेऊन संस्थेत यायची आणि चित्राजवळ आली की पदर कपाळापर्यंत ओढायची, तोंड फिरवायची आणि भराभर पुढं जायची. एक दिवस नाही, रोज. चित्र जुनं दुःख जागं करतं असं मी कॉलेजात वाचलं होतं. ते इथं डोळ्यांसमोर घडतंय, अशी माझी खात्री झाली.

मी सरांकडं गेलो. "सर, आईला ते चित्र बघवत नाही."

सरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्या म्हणाल्या तसं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दिसतंय की."

पुढच्या रविवारी ते स्वतः चुन्याची बादली घेऊन आले. मी ब्रश मागितला, तर म्हणाले, "राहू दे. माझं मी करतो." दोन हात दिल्यावरही हातोडा फिका दिसत होता. त्यांनी तिसरा हात दिला.

संध्याकाळी आई रिकामी किटली घेऊन घरी आली.

"ती बाई कुठं गेली रं?"

"पुसली. तुला बघवत नव्हतं म्हणून."

"म्या कवा म्हनलं तसं?"

"तोंड फिरवून जायचीस की!"

"मग? काम करनाऱ्या बाईकडं टक लावून बघत्यात व्हय? मुकादम बघायचा तसा."

"आणि पदर?"

तिनं किटली खाली ठेवली. "थोरल्या जावंसमोर आमी पदर घेतोच की. मग त्या भितीवरच्या बाईम्होरं बी उघड्या डोईनं जावं वाटंना."

"पण बघून बरं वाटायचं की वाईट?"

"काय म्हाईत बाबा! तू शिकलायस, तूच सांग."

आईनं माझी समजूत घालण्यासाठी तसं म्हटलं असेल का, हे कळेना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या मागून गेलो. पांढऱ्या भिंतीजवळ आल्यावर तिनं पदर ओढला आणि तोंड फिरवलं. आता तिथं कुणीच नव्हतं.

सर तोवर सुट्टीला येरमाळ्याकडच्या त्यांच्या गावी गेले होते. चार पत्रं फाडून मी पाचवं टाकलं:

आदरणीय सर,

सा. न. आईनं चित्राबद्दल कधीच तक्रार केली नव्हती. ती माझी समजूत होती. तुम्ही विचारलंत, तेव्हाही मी तिला न विचारताच उत्तर दिलं. चित्र पुसलं गेलं ते माझ्या शब्दावर. मला क्षमा करा.

तिला काय वाटत होतं ते विचारूनही मला समजलेलं नाही. भिंत कोरी आहे, तरी ती पदर घेते. तुम्हाला यातलं काही कळत असेल तर लिहा.

चेअरमनना मी विचारलं आहे, ते हो म्हणाले. जमलं तर ती बाई पुन्हा काढा. या वेळी आईला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "काढू दे. पर ढीग मोठा काढ म्हनावं, आन् तिच्याजवळ पान्याचा एक तांब्या ठेवाया सांग."

तुमचा विद्यार्थी