गोठलेलं खोबरेल

थंडीत खोबरेलाची बाटली गोठली की मला नवघरच्या घरातला लॅपटॉप आठवतो. त्याचा पंखा अडकून घरघरायचा आणि दुसऱ्या दिवशी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. स्क्रू काढून धूळ झाडली, तरी पंखा अडकतच होता. आई म्हणाली, "खोबरेल घाल थेंबभर, शिलाई मशीनला मी तेच घालते." घातलं, तर भिंगरीसारखा फिरला. सकाळी गारठ्यात तेल थिजलं, पंखा हलेना आणि दुसऱ्याच प्रश्नाला लॅपटॉप तापून बंद पडला. मी आईवर नको तेवढा ओरडलो. ती म्हणाली, "अरे, थंडीत मी मशीन आधी उन्हात ठेवते, ते सांगायचं राहिलं." आजही बाटली कोमट पाण्यात धरताना चिडचिड होते, फक्त ओरडायला समोर आई नसते.