सेड्रिकचा पांढरा कोट

सेड्रिक ओल्डरॉइड लीड्सच्या रंगभूमीवर राजा झाला, खुनी झाला, एका नाताळात तर बोलका घोडाही झाला. पण रस्त्यात लोक त्याला ओळखू लागले ते पन्नाशी उलटल्यावर, टेलिव्हिजनवरच्या एका जाहिरातीमुळे. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात टॉनिकची बाटली. “थकलेल्या हृदयाला आणखी काय हवं?” असं विचारून तो मंद हसायचा. काय आवाज होता त्याचा! नाट्यगृहं ओस पडत होती, तेव्हा त्या आवाजानेच त्याला जगवलं.

तो राहायचा नेली थ्वेटबाईंकडे. नटांना खोल्या देणाऱ्या या विधवेने त्याचं एकही नाटक चुकवलं नव्हतं. मार्चमध्ये ती स्वयंपाकघरात कोसळली. पाय सुजलेले, ओठ निळे. इस्पितळात कळलं की तिने हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि ते टॉनिक पीत होती.

सेड्रिक तिच्या खाटेशी बसला. “नेलीबाई, मी नट आहे. तुमच्या न्हाणीघरात मोजे वाळत घालतो. मी डॉक्टर कधी झालो?”

“मला शिकवू नकोस. स्टेजवर तुला इतक्यांदा मरताना पाहिलं, एकदा तरी डॉक्टरला हाक मारली का मी? ते नाटक होतं. पण हे औषध होतं रे. औषधात कोण नाटक करतं?”

या प्रश्नाने त्याच्या अंगाची लाही लाही झाली. तो तडक जाहिरात कंपनीत गेला. कंपनीचे मालक लँगफर्डसाहेब चहा ढवळत होते.

“आपण डॉक्टर हा शब्द उच्चारलाय कुठे? वकिलाने तपासलंय सगळं.”

“मग कोट कशाला घातला मला?”

“स्वच्छ दिसतो.”

“स्वच्छ तर आमचा खाटीकही दिसतो, सोमवारी सकाळी. त्याच्या हाती का नाही दिलीत बाटली?”

“मिस्टर ओल्डरॉइड, तुम्हाला नको असेल तर कोट दुसऱ्या कुणाला बसेल.”

हे त्याला सहन झालं नाही. कोट दुसऱ्याने घातला तरी आणखी एखादी नेली गोळ्या सोडणारच होती. जाहिराती तपासणारी एक समिती होती. तिच्यापुढे तो स्वतःविरुद्धच तक्रार घेऊन उभा राहिला.

तिथेही तोच सवाल आला. “आपण डॉक्टर आहोत, असं तुम्ही म्हणालात का?”

“साहेब, मी बारा राजे केले. एकदाही ‘मी राजा आहे’ म्हणावं लागलं नाही. बाकीचे मान झुकवतात, म्हणून राजा दिसतो. या जाहिरातीत माझ्यामागे एक नर्स उभी केली होती. तिला वाक्य नव्हतं. मी बोललो की तिने मान डोलवायची, एवढंच. ती कशासाठी होती, ते लँगफर्डसाहेबांना विचारा.”

लँगफर्डसाहेब छताकडे पाहू लागले.

जाहिरात बंद झाली. पुढे नियमही आला, की औषध विकायला नटाला डॉक्टरचा वेश देऊ नये. नियम आल्याच्या आनंदात जाहिरातवाल्यांनी मेजवानी दिली, तिथे लँगफर्डसाहेबांनीच भाषण ठोकलं, ‘आमच्या व्यवसायाची सदसद्विवेकबुद्धी’ या विषयावर, आणि टाळ्याही घेतल्या. सेड्रिकला मात्र पुन्हा कुठल्याच जाहिरातीत कुणी बोलावलं नाही.

वर्तमानपत्रातलं ते भाषण त्याने नेलीबाईंना वाचून दाखवलं. तिच्याने आता जिना चढवत नव्हता. खालच्याच खोलीत पडून असायची.

“टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक तरी आला का रे मला बघायला?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग फाड तो कागद. आणि गोळी दे माझी.”